आमची वाटचाल: सॅन अँटोनियो, एक व्हॅन आणि सकाळचा रेडिओ

आमचं काम एसी दुरुस्तीचं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात आज आमच्या 2 व्हॅन आहेत आणि आम्ही 4 माणसं आहोत. मी मूळचा मिरजेचा. धंद्याची वाटचाल लिहायची म्हटलं की बँकेच्या कर्जाआधी मला रेडिओ आठवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिले दोन उन्हाळे फार वाईट गेले. शहराच्या वेस्ट साइडला, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत, दारोदार इंग्रजी पत्रकं वाटली, तरी फोन वाजत नव्हता. सुटे भाग घ्यायचो त्या दुकानाच्या काउंटरवर एक वयस्क गृहस्थ बसायचे. ते एकदा म्हणाले, "मिहो, इथल्या आज्या पत्रकं वाचत नाहीत. त्या रेडिओ ऐकतात." मिहो म्हणजे बाळा. त्यांच्या मागे रेडिओ चालूच होता, स्पॅनिशमध्ये.

एका छोट्या स्पॅनिश एएम (मीडियम वेव्ह) रेडिओ केंद्रावर सकाळी साडेसहाची 30 सेकंदं मी घेतली. निवेदक म्हणाला, जाहिरात तुम्हीच वाचा, लोकांना माणूस कळू दे. स्पॅनिश मला जेमतेम येत होती. बिलाच्या पाठीवर देवनागरीत लिहून घेतलं: "सू आयरे नो एनफ्रीया?" तुमचा एसी गार करत नाही का? जसं बोलायचं तसंच लिहिलेलं असल्यामुळे अडखळलो नाही.

पहिला फोन आला तो सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचा. एसीची मोटर सुरू करायला लागणारा कपॅसिटर गेला होता, कडक उन्हाळ्यात सगळ्यात आधी तोच जातो. बदलायला वीस मिनिटं लागली, पण त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. स्वयंपाकघरात फ्रीजवर रेडिओ होता, डायलची मूठ तुटलेली, काटा एकाच जागी. मिरजेला माझ्या आईचा दिवस सांगली आकाशवाणीने सुरू व्हायचा, तसाच यांचा या आवाजाने. राऊल कोर्तेझ हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. बाईंच्या आईवडलांच्या घरी कोर्तेझचं केसीओआर हे स्पॅनिश रेडिओ केंद्र लागायचं.

मग मी शोधून शोधून वाचलं. कोर्तेझ 1905 मध्ये मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यात जन्मले आणि सॅन अँटोनियोत 'ला प्रेन्सा' या स्पॅनिश वर्तमानपत्रात बातमीदार झाले. त्या काळी इंग्रजी केंद्रं आपली पडीक वेळ, पहाटेची किंवा रात्रीची, स्पॅनिश कार्यक्रमवाल्यांना विकत असत. कोर्तेझनीही दुसऱ्याच्या केंद्रावर तास विकत घेतला आणि तो भरून काढायला स्वतः फिरून जाहिराती आणल्या. वेळ घाऊक घ्यायची आणि किरकोळ विकायची, असा तो व्यापार. माझ्यासारख्या दुकानदाराला हे लगेच समजतं: भाडं दर महिन्याला ठरलेलं, गिऱ्हाईक येईलच असं नाही.

1944 मध्ये त्यांनी स्वतःच्या केंद्रासाठी परवाना मागितला. युद्ध चालू होतं, परभाषेतल्या प्रसारणावर सरकारची करडी नजर होती. मेक्सिकन-अमेरिकन लोकांना युद्धकार्यात सामील करून घेण्यासाठी केंद्र हवं, असं त्यांनी अर्जात मांडलं. 1946 मध्ये 1350 किलोहर्ट्झवर केसीओआर सुरू झालं. शेवटची तीन अक्षरं, सी-ओ-आर, त्यांच्या इंग्रजीत लिहिलेल्या आडनावाच्या सुरुवातीची. मेक्सिकन-अमेरिकन मालकाचं, दिवसभर स्पॅनिश बोलणारं अमेरिकेतलं हे पहिलं केंद्र. 'ला वोस मेहिकाना', मेक्सिकन आवाज, असं ते स्वतःला म्हणवून घ्यायचं. पुढे कोर्तेझ लुलाक या नागरी हक्कांच्या संघटनेचे दोनदा अध्यक्ष झाले. मेक्सिकन मुलांना शाळेत वेगळं बसवण्याविरुद्ध टेक्सासमध्ये 1948 चा डेल्गाडो खटला लढला गेला, तो याच काळात.

1955 मध्ये त्यांनी 41 नंबरच्या चॅनेलवर स्पॅनिश दूरचित्रवाणीही काढली. पण हे यूएचएफ चॅनेल, बहुतेक घरांतल्या संचांवर ते दिसायला कन्व्हर्टरचा वेगळा डबा लागायचा. मोठे जाहिरातदार फिरकले नाहीत आणि 1961 मध्ये ते विकावं लागलं. त्याच बीजातून पुढे युनिव्हिजन हे स्पॅनिश दूरचित्रवाणीचं मोठं जाळं उभं राहिलं, पण कोर्तेझ 1971 मध्ये गेले. हे वाचताना मला मनापासून वाईट वाटतं. त्यांचा माल चांगला होता, गिऱ्हाईकही होतं, फक्त त्यांच्यामध्ये एक डबा आडवा आला.

आमचा धंदा मात्र त्या साडेसहाच्या जाहिरातीने उभा राहिला. तिसऱ्या उन्हाळ्यात दुसरी व्हॅन घेतली, स्पॅनिश बोलणारे दोन कारागीर घेतले.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठलं. वीज गेली, नळ फुटले, मोबाइलला रेंज नाही. आम्ही दोन दिवस अडकून पडलो होतो. कसाबसा केंद्राला फोन लागला, तेव्हा मी म्हटलं, आजची जाहिरात काढा, त्या जागी एवढंच सांगा: पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, आणि घरात कोळशाची शेगडी किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, त्या धुराने माणूस झोपेतच जातो. निवेदकाने मला थेट हवेत घेतलं. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी बोलायचो आणि तो प्रत्येक वाक्य नीट करून पुन्हा सांगायचा. लोक गाडीतल्या रेडिओवर ऐकत होते. आता काही नव्या विजेच्या गाड्यांमध्ये एएम ठेवत नाहीत, याची मला खरंच काळजी वाटते.

वीज आल्यावर माझ्या त्या पहिल्या गिऱ्हाईक आजींचा फोन आला. हीटर बंद पडला होता. गेलो तर रेडिओ फ्रीजवरून उतरून खाटेजवळ आला होता, शेजारी बॅटऱ्यांचं रिकामं पाकीट.

ती 30 सेकंदं आम्ही अजून सोडलेली नाहीत. थंडी आली की एसीऐवजी हीटरची जाहिरात लावतो. मजकूर मी अजूनही आधी देवनागरीतच लिहून काढतो.