तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांना एकच गुण का?

दरवर्षी निकाल लागला की कोणी ना कोणी विचारतेच: उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला अक्षर-स्टेन्सिलच्या, म्हणजे शीटमधून अक्षर कापून त्यातून रंग उमटवलेल्या, भिंतीसाठी गटातल्या चौघांनाही मी सारखेच गुण का देतो? अक्षर एकाने रेखाटलेले असते, कापलेले दुसऱ्याने, रंग उरलेल्या दोघांनी थोपटलेला. मग ज्याचे त्याला नको का? 'मुलांना गटात काम करायची सवय लागावी म्हणून' असे सांगून मी आजवर वेळ मारून नेली आहे, आणि ते उत्तर मला स्वतःलाही कधी पटलेले नाही.

खरे कारण देवनागरीच्या घडणीत आहे. प, म, ष यांची पोटे, म्हणजे रेषांमधल्या मोकळ्या जागा, शिरोरेघेमुळे बंद होतात, व आणि ब यांची तर मुळातच बंद. अक्षर जसेच्या तसे कापले की पोट सुटून हातात येते. म्हणून मध्ये पट्ट्या राखाव्या लागतात, ज्यांना मुले 'ब्रिज' म्हणतात. शिरोरेघ सलग कापली तर दोन दंडांमधल्या (उभ्या रेघांमधल्या) शीटच्या जिभा वरच्या बाजूने मोकळ्या होतात, स्पंज लागताच उचलल्या जातात आणि रंग खाली झिरपतो. ब्रिज कुठे आणि किती रुंद हे रेखाटतानाच ठरते, असे मीही एके काळी ठामपणे शिकवत असे. प्रत्यक्षात ते कटर धरणारा ठरवतो, आणि पुष्कळदा रंगवणाराच शीट परत आणून 'इथे धरत नाही' म्हणतो. ब्रिजमुळे अक्षर तुटक दिसते, पण धान्याच्या पोत्यांवर पत्र्याच्या छापाने उमटवलेली तुटक अक्षरे आपण बिनतक्रार वाचतोच की.

एका वर्षी एका गटाने 'पावसाळा' हा शब्द घेतला होता. रेखाटणाऱ्या मुलीचे वळण वर्गात सर्वांत चांगले होते. बोरूचा कोन सांभाळून काढलेल्या तिच्या 'व'मध्ये तिने ब्रिज मुद्दाम पोटाभोवतीच्या रेषेच्या सर्वांत जाड भागात दाखवला होता, कारण तिथली तोड लेखणीच्या फटकाऱ्यासारखी दिसली असती. पण जाड भागावरचा ब्रिज लांब होतो. शीट म्हणून घेतलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर तो स्पंजच्या थापांनी फाटला, आणि कापणाऱ्या मुलाने तिला न विचारता रात्रीतून नवे शीट कापले. ब्रिज आता पोटाभोवतीची रेषा दंडाला मिळते त्या बारीक जागी होता. आखूड, भक्कम, पण अक्षराचा सांधाच गेला. सकाळी भिंत रंगून तयार होती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "सर, हा माझा 'व' नाही." मुलगा म्हणाला, "मग तिचे गुण मला नकोत."

मी चौघांना सारखेच गुण दिले. चार दिवसांनी तिचे वडील आले आणि त्यांनी विचारले की त्यांच्या मुलीच्या अक्षराची मी वाटणी का केली. मी ब्रिजची लांबी समजावत बसलो, जे त्यांनी विचारलेले नव्हते. तिने त्या भिंतीचा फोटो पोर्टफोलिओत कधीच लावला नाही. खरे सांगायचे तर जवळून पाहता तिचाच 'व' देखणा होता. रस्त्यापलीकडून वाचता येत होता तो मात्र त्या मुलाचा.

मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या संस्थेने घडवलेल्या 'मोदक' या गलेलठ्ठ टंकामागेही (फॉन्टमागेही) अनेकांचे हात आहेत, हे उदाहरण मी हमखास देतो. पण तिथले सगळे त्याच कामात मुरलेले लोक. माझ्या वर्गातल्या चौघांना एकमेकांची निवडही करता आलेली नसते. विद्यार्थी असताना माझ्या अक्षराला कोणी हात लावला असता तर मी त्या मुलीहून मोठा तमाशा केला असता.

सहकाऱ्यांनी आता मला तक्ता करून दिला आहे: रेखाटन, कटिंग, रंगकाम, प्रत्येकाचे वेगळे गुण. तक्ता नीटनेटका आहे. रात्रीत हललेला तो ब्रिज त्यातल्या कोणत्या रकान्यात बसतो एवढे त्यांनी मला दाखवावे, मी यंदापासूनच तो वापरायला लागेन.