महिन्याचा पगार

आज दुष्काळी माणदेशातल्या दहिवडीच्या एसटी स्टँडवर म्हसवडच्या गाडीची वाट पाहत असताना शेजारी बसलेल्या २३ वर्षांच्या मुलाशी बोलणे झाले. चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत तो ठेकेदाराकडे कामाला असून सुट्टी काढून गावी निघाला होता. अंगावर धुतलेला सदरा होता, तरी नखांच्या कडांत आणि पापण्यांच्या मुळाशी काजळ घातल्यासारखी काळी रेघ उरली होती.

तीन एकर जिरायत, आटलेली बोअर आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज एवढे सांगून तो म्हणाला, “काका, पाऊस पडो न पडो, तिथं महिन्याला पगार होतो.”

धोका या मुलांना कळत नाही, असे मला मुळीच वाटत नाही. मेघालयात माणूस जेमतेम सरपटत जाईल अशा बिळांतून कोळसा काढण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, तरीही डिसेंबर २०१८ मध्ये तशाच एका खाणीत पाणी शिरून किमान १५ मजूर अडकले. बंदी आली, पण पर्यायी मजुरी आली नाही, आणि माणदेशातली पोरे याच कारणाने घर सोडतात.

गाडी लागली तेव्हा पिशवी उचलत त्याने मला एवढेच विचारले, की उरमोडी धरणाचे पाणी यंदा आमच्या शिवारापर्यंत येईल का.