शुगर १९०, मग आयसीयू कशाला?

आईला घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी आली: ‘रुग्णाची शुगर १९० असताना आयसीयूची गरज स्पष्ट करावी.’ तो कागद मी जपून ठेवलाय. राग थंडावला असं वाटलं की काढून वाचते.

आधीचं थोडक्यात. आईचे नवरात्राचे उपवास, तेही कडक: दूध आणि एखादं फळ. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू होती. सातव्या माळेला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं आणि रात्री बसल्या जागी तिचा श्वास खोल नि भराभर चालायला लागला. छातीचा एक्स-रे स्वच्छ, ऑक्सिजन ९८. ग्लुकोमीटरवर १९०, त्यामुळे ‘शुगरचं काही नाही’ यावर सगळ्यांचं एकमत. कॅज्युअल्टीतली रेसिडेंट मुलगी मात्र श्वासाकडेच बघत राहिली आणि तिने मनगटाच्या धमनीतून एबीजी (रक्तातलं आम्ल आणि वायू मोजणारी तपासणी) काढलं. (हे नेहमीच्या रक्तापेक्षा बरंच दुखतं, पेशंटला आधी सांगून ठेवा.) पीएच ७.१२, कार्बन डायऑक्साइड १८, आम्ल टिपणारं बायकार्बोनेट ५.७, तिन्ही फार कमी. लगेच आयसीयू. उपचार व्यवस्थित झाले, त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती क्वेरीबद्दल. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने पहिलं उत्तर पाठवलं ते एका ओळीचं: ‘डीकेए.’ (डायबेटिक कीटोॲसिडोसिस, म्हणजे मधुमेहात रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं.) त्यावर टीपीएचं म्हणणं, डीकेएमध्ये शुगर २५० च्या वर लागते. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, ‘ताई, डॉक्टर ओपीडीत आहेत, थांबा.’ आई कपडे बदलून, पिशव्या भरून खोलीत बसलेली आणि मी तळमजल्यावर. शेवटी मीच टीपीएला फोन लावला. पलीकडचा माणूस रिपोर्ट वाचत म्हणाला, ‘मॅडम, पीएच सातच्या वर आहे. म्हणजे ॲसिड नाहीच ना?’

शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचं बरोबर ठरलं असतं. रक्तात नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्टीत राहावा लागतो आणि ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे: ७.४ वरून ७.१ झाला की हायड्रोजन आयन दुप्पट. आई जवळजवळ तिथेच होती.

त्याच रेसिडेंटला गाठून मी तिच्याकडून सगळं समजून घेतलं. शरीरात दिवसभरात साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो फुफ्फुसं बाहेर टाकतात. खाण्यातल्या प्रथिनांपासून होणारं आम्ल त्या मानाने किरकोळ, वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिमोल, पण ते श्वासातून जात नाही, मूत्रपिंडांनाच काढावं लागतं. आम्ल अचानक वाढलं तर आधी बायकार्बोनेट ते टिपतं आणि स्वतः संपत जातं. काही मिनिटांत श्वास वाढतो, म्हणजे निदान कार्बन डायऑक्साइड तरी कमी व्हावा. मूत्रपिंडं बायकार्बोनेट नव्याने बनवतात, पण त्यांना काही दिवस लागतात. आईची फुफ्फुसं धडधाकट होती म्हणून पीएच ७.१२ वर तरी टिकला. तो श्वास आजार नव्हता, बचाव होता. अशा श्वासाला कुसमाऊलचं नाव आहे, त्या जर्मन डॉक्टरने १८७४ साली मधुमेहींमध्येच त्याचं वर्णन केलं होतं.

आणि आम्ल आलं कुठून? डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून मीटर शांत. पण पोटात अन्न नाही, इन्सुलिन कमी, मग शरीर चरबी जाळतं आणि कीटोन साठतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबद्दल २०१५ सालीच इशारा दिलेला आहे. आकड्यातूनही ते दिसतं: सोडियम १३६, त्यातून क्लोराइड १०२ आणि बायकार्बोनेट ५.७ वजा करा, २८ उरतात. या फरकावरून रक्तात साठलेल्या इतर आम्लांचा अंदाज येतो. एरवी हे १२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. वरचं सगळं कीटोनचं.

(मधल्या वेळात एका काकूंचा फोन: ‘तिला अल्कलाइन पाणी द्या, लिंबू द्या.’ प्यायलेल्या पाण्याने रक्ताचा पीएच हलत नाही, काकू. सलाइनमधून सोडा (बायकार्बोनेट)सुद्धा डॉक्टरांनी दिला नाही. पीएच याहून बराच खाली गेल्याशिवाय देत नाहीत म्हणे.)

उत्तर मी लिहून काढलं, डॉक्टरांनी दोन शब्द बदलून सही-शिक्का दिला. त्यातलं कामाला आलेलं वाक्य हे: २५० ची अट २००९ च्या निकषांतली, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत शुगर २०० किंवा आधीपासूनचा मधुमेह, यांपैकी एक पुरतं. त्यावर दुसरी क्वेरी! ‘शुगर नॉर्मल, डेक्स्ट्रोजही (साखरेचं सलाइन) चालू, मग इन्सुलिनचं ड्रिप का?’ कारण इन्सुलिन शुगरसाठी नव्हतंच, कीटोन थांबवायला होतं, आणि त्याने शुगर पडू नये म्हणून डेक्स्ट्रोज. इन्सुलिनने पोटॅशियमही खाली येतं, हृदयाला धोका होतो, म्हणून सतत नजर, म्हणून आयसीयू. हे लिहिताना मला, खरं सांगते, मजा आली.

एबीजीचा पहिला कागद मिळाला की लगेच फोटो काढा. तो थर्मल कागद असतो, अक्षरं उडतात, आणि टीपीए नेमका दाखल करतानाचाच मागते. डिस्चार्ज समरीत पीएच, बायकार्बोनेट आणि कीटोन हे आकडे लिहून घ्या. नुसतं ‘डीकेए’ पुरत नाही. आणि आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. हे वाक्य मी फोनवर उच्चारल्यावर पलीकडचा आवाज बराच मऊ झाला.

घरात कोणी ग्लिफ्लोझिन गटातली (डापाग्लिफ्लोझिनसारखी) गोळी घेत असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, आणि उलट्या सुरू झाल्या तर शुगर कितीही चांगली दिसो, कीटोन तपासून घ्या. आईची ती गोळी डॉक्टरांनी कायमची बंद केली. क्लेम रात्री मंजूर झाला, हातमोजे आणि सिरिंजचे पैसे कापून.