गोधडीवर लिहिलेली गोष्ट

फेथ रिंगगोल्ड या काळ्या अमेरिकन चित्रकर्तीच्या 'टार बीच'चा फोटो मोठा करून बघा, आणि चित्राच्या आधी त्यावरची अक्षरं वाचा. ही १९८८ची क्विल्ट, म्हणजे गोधडीच, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमकडे आहे. मधे रंगवलेला कॅनव्हास, कडेने फुलाफुलांच्या कापडाचे तुकडे जोडलेत आणि वर-खाली पट्ट्यांवर गोष्ट लिहिलीय. हार्लेममधली, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली गच्ची, मोठी माणसं पत्ते खेळतायत, दोरीवर कपडे वाळतायत, आठ वर्षांची कॅसी भावाशेजारी गादीवर पडलीय आणि तीच कॅसी वर आकाशात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून उडतेय!

दिसायला गोड आहे, पण वाचलं की पोटात तुटतं. बाप बिल्डिंगा बांधतो पण त्याला युनियनमधे घेत नाहीत, थंडीत तो काम शोधायला जातो आणि आई रडते, म्हणून ही पोरगी उडत जाऊन युनियनची बिल्डिंगच बापाला देऊन टाकणार असते.

आपल्याकडे गोधडी म्हटलं की लगेच मायेची ऊब सुरू होते, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण शिवणारीला काय म्हणायचंय ते त्यात कुणी विचारतच नाही. रिंगगोल्डच्या पणजीची आई सूझी शॅनन गुलामगिरीत असताना मालकांसाठी क्विल्ट शिवायची. तिच्या पुढच्या पिढ्यांमधली ही रिंगगोल्ड कापडाकडे वळली ती अगदी व्यवहारी कारणानं. १९७२मधे अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधे तिनं तिबेटी-नेपाळी थांका, म्हणजे बौद्ध धर्मातली कापडावरची चित्रं बघितली, कापडाची चौकट असलेली, गुंडाळून ठेवता येणारी. मग तिनंही जड फ्रेम सोडली, आई विली पोझी हार्लेममधे ड्रेस डिझायनर होती, तिनं चित्रांना कापडी किनारी शिवून दिल्या. आता चित्र गुंडाळायचं आणि निघायचं, उचलायला नवऱ्याला हाक मारायची गरज नाही. १९८०मधे मायलेकींनी मिळून पहिली क्विल्ट केली, 'एकोज ऑफ हार्लेम', आणि पुढच्याच वर्षी आई गेली.

तेव्हा रिंगगोल्डचं आत्मचरित्र छापायला कुणी प्रकाशक मिळत नव्हता, मग १९८३मधे तिनं गोष्ट सरळ कापडावरच लिहिली, 'हूज अफ्रेड ऑफ आँट जेमायमा?', आँट जेमायमा म्हणजे अमेरिकेत पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर तेव्हा असायची ती काळी बाई, तिला स्वतःचा धंदा उभारणारी बाई करून. आत्मचरित्र पुस्तक म्हणून आलं ते १९९५मधे, तोवर लोक तिच्या गोष्टी भिंतीसमोर उभं राहून वाचत होते.