दिवसभर सर्व्हर, रात्री गेम: तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत सगळे जमले की हा प्रश्न येतोच. यंदा मावशीच्या मुलीनं विचारला, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे ती. "ताई, तू पण बी.कॉम.च ना गं, मग हे सर्व्हर-बिर्व्हर शिकलीस कुठं? आणि दिवसभर कॉम्प्युटरच बघतेस तर घरी येऊन परत गेम कशी काय खेळतेस, वैताग येत नाही?" कंपनीत नवीन लागलेली मुलं पण हेच विचारतात, माझ्या फोनवर होलो नाइट या गेमचा वॉलपेपर दिसला की हमखास. आरतीच्या गडबडीत मी तिला नीट उत्तर दिलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. प्रश्न दोन वाटतात पण मला त्यांची उत्तरं वेगवेगळी काढून देता येत नाहीत.

२०१४ ला मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला लागले. टॅलीत एन्ट्र्या करायच्या, पार्ट्यांच्या मागं लागून तेव्हाच्या विक्रीकराचे सी-फॉर्म गोळा करायचे, बँकेचं जुळवायचं, हे काम. आयटी म्हणून कोणी नव्हतंच, बाहेरचा एक माणूस होता, फोन केला की कधी त्याच दिवशी यायचा कधी दोन दिवसांनी.

तर एक दिवस स्पेक्ट्रोचा पीसी बंद पडला. ज्यांनी फौंड्री बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, फर्नेसमध्ये लोखंड वितळलं की ओतायच्या आधी त्यातलं थोडं काढून त्याचं नाण्याएवढं सॅम्पल करतात, ते घासून स्पेक्ट्रोवर ठेवतात, ठिणगी उडते आणि त्या ठिणगीच्या उजेडावरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती हे पीसीवर आकड्यात येतं. आकडे बरोबर असतील तरच हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेलं लोखंड, ओतायची. म्हणजे पीसी बंद तर हीट थांबली, आणि थांबलेली हीट म्हणजे एवढं तापलेलं लोखंड नुसतं धरून ठेवायचं, वीज जळतच राहणार. मेल्टिंगचे सुपरवायझर घामानं भिजलेले तसेच ऑफिसात आले आणि म्हणाले, "म्याडम, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतंय म्हणं, जरा येऊन बघता का?"

मी गेले. चालू केला की नुसता बीप बीप. बाजूचं पत्र्याचं कव्हर काढलं तर आत काळी भुकटी, फौंड्रीतली धूळ म्हणजे वाळू आणि कोळसा, सगळ्यावर थर. माझ्या टेबलावरचं खोडरबर आणलं, रॅम काढली, तिचे सोनेरी पाय रबरानं घासले, स्लॉट ब्रशनं झाडला, परत बसवली. चालू झाला. हीट ओतली गेली. त्या दिवसापासून कंपनीत काहीही बंद पडलं की "म्याडमना बोलवा".

खोडरबराची ती युक्ती मला कुठल्या क्लासमध्ये शिकवलेली नव्हती. आमच्या घरचा पीसी ऐन गेमच्या मधे असाच बीप करायचा आणि रिपेअरवाल्याचे पैसे वाचवायला चुलतभाऊ असंच करायचा, ते मी बघितलेलं. आणि खरं सांगायचं तर माझं पहिलं नेटवर्क पण गेमसाठीच जोडलेलं. २००६ ची मे महिन्याची सुट्टी, एक पीसी आमच्याकडं, एक शेजारी काकांकडं, आणि आम्हाला एज ऑफ एम्पायर्स टू एकमेकांविरुद्ध खेळायची होती. दादानं कुठून तरी केबल आणि क्रिम्पिंग टूल, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा, आणलं. स्विच, म्हणजे अनेक पीसी जोडायचा डबा, घ्यायला पैसे नव्हते त्यामुळं क्रॉसओव्हर केबल करायची होती, म्हणजे एका टोकाला तारांचा एक क्रम, दुसऱ्या टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल. चार कनेक्टर वाया घालवले. मग खिडकीतून केबल टाकली, एकीकडं १९२.१६८.०.१ आणि दुसरीकडं ०.२ असे पीसींचे पत्ते, म्हणजे आयपी, हातानं टाकले, तरी दादाची गेम माझ्याकडं दिसेना. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक टू पासून फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत, आपोआप चालू असते, ती अडवत होती. सबनेट मास्क म्हणजे काय हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं, पण तो आकडा दोन्हीकडं सारखा ठेवायचा एवढं पक्कं कळलं. दोन दिवस चुकत होतो पण कोणाचं काही अडलं नव्हतं, काकू फक्त जेवायला हाका मारत होत्या.

कंपनीत तसं नसतं. २०१६ मध्ये मीटिंग रूमची मांडणी बदलताना मी एका केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये घातली. मिनिटाच्या आत सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले आणि अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क गेलं. टॅली गेलं, प्रिंटर गेले, डिस्पॅचला इनव्हॉइस निघेना, माल भरलेली गाडी गेटवर चाळीस मिनिटं उभी. मी सर्व्हर रिस्टार्ट केला, राउटर रिस्टार्ट केला, रडू यायचं बाकी होतं. मग एकेक केबल काढत गेले आणि ती काढली तेव्हा दिवे शांत झाले.

त्या रात्री घरी बसून वाचलं की हे असं का होतं. आयपीच्या पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, आयुष्य ठरवून दिलेलं असतं, ठरावीक राउटर ओलांडले की ते संपतं, पण ते ज्या पाकिटात घालून केबलवरून जातं त्या इथरनेटच्या फ्रेमला असं काही नसतं. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांना पाठवलेली फ्रेम, लूपमध्ये अडकली की फिरतच राहते, प्रत्येक फेरीला परत सगळीकडं पाठवली जाते, आणि बघता बघता दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. यावर उपाय आहे, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, स्विच आपापसात बोलून जादाची वाट स्वतःच बंद ठेवतात. तो १९८५ मध्ये रेडिया पर्लमन नावाच्या बाईनं काढला. तिचं नाव वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, दिवसभराचा सगळा शीण गेला म्हटलं तरी चालेल. आमचे स्विच साधे होते, त्यांना हे येतच नव्हतं. साहेबांना दुसऱ्या दिवशी जाऊन जसं झालं तसं सांगितलं, माझ्या हातून झालं हे पण सांगितलं, आणि हे येणारे, सेटिंग करता येणारे मॅनेज्ड स्विच मागितले. सहा महिन्यांनी मिळाले.

मी आयटी अशी शिकले बघा, एकेका दणक्यातून. कोणीतरी घरचा जुना राउटर आणून आमच्या नेटवर्कला लावला आणि तो सगळ्यांना आपलेच आयपी वाटायला लागला, तेव्हा डीएचसीपी, म्हणजे पीसींना आपोआप आयपी वाटायची पद्धत, समजलं. एका पीसीला सर्व्हरचं फोल्डर उघडेना, पासवर्ड बदलून झाला, काय काय करून झालं, आणि शेवटी निघालं काय तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला, त्यामुळं तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली, आणि डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या पीसींमध्ये, घड्याळ पाच मिनिटांच्या वर चुकलं की कर्बेरॉस ही ओळख तपासणारी यंत्रणा दारातच उभं करत नाही. १२ मे २०१७ ला जगभर वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा समजलं की त्याला रोखणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, १४ मार्चलाच आला होता आणि आमच्या एकाही पीसीवर तो नव्हता. आम्ही वाचलो. पण त्या शनिवारी मी स्पेक्ट्रोचा एक्सपीवाला पीसी नेटवर्कमधून काढला तो कायमचा, आणि तेव्हापासून दर महिन्याचे अपडेट मी स्वतः बघते.

सगळ्यात मोठा धडा ऑगस्ट २०१९ चा. मी राहते राजारामपुरीत, कंपनी पंचगंगेपलीकडं शिरोलीत, आणि महापुरात हायवेच पाण्याखाली गेला. कंपनीत लाइट नाही. वॉचमन काकांचा फोन कधी लागायचा कधी नाही, लागला की ते म्हणायचे पाणी अजून कंपाउंडच्या बाहेर हाय. सर्व्हर तळमजल्यावर, आणि बॅकअपची हार्ड डिस्क कुठं, तर त्याच खोलीतल्या कपाटात. मी रोज बॅकअप घेत होते, एक दिवस चुकवला नव्हता, आणि घरी बसून मला दिसत होतं की पाणी आत आलं तर सर्व्हर आणि बॅकअप एकदमच जाणार. लोकांची घरं गेली होती त्या आठवड्यात, त्यापुढं हे काहीच नाही हे कळत होतं, तरी झोप लागत नव्हती. पाणी आत आलं नाही. रस्ता सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी मी ती डिस्क उचलून घरी आणली आणि मग ३-२-१ चा नियम लावून घेतला, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं सांगितलेला, फोटो हरवायला नकोत म्हणून.

आता दुसरा प्रश्न, घरी येऊन परत गेम का.

फौंड्रीत माझी चूक गेटवरची गाडी थांबवते, हीट थांबवते, कोणाचा तरी पगार उशिरा करते. त्यामुळं दिवसभर मी एक बटण दाबायच्या आधी तीनदा विचार करते. आणि सतत असं जपून वागणाऱ्या माणसाला नवीन काही शिकता येत नाही असा माझा अनुभव आहे, कारण शिकायला चुकावं लागतं. रात्री होलो नाइटमध्ये मँटिस लॉर्ड्स या शत्रूंकडून मी तीस-पस्तीस वेळा मेले असेन. पहिल्या दहा वेळा नुसती घाई, मग बघायला लागले की कोण कधी झेप घेतंय, मग एकेका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला लागले. जिंकले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच खोलीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या तीस हरण्यांत कोणाचंही काही नुकसान झालं नाही. माझ्यासाठी हा आराम आहे, चुकायला मोकळीक असलेली जागा. वैताग येण्याचा प्रश्नच नाही.

हे कळल्यावर मी कंपनीतही तशी जागा केली. भंगारात निघालेले दोन पीसी साहेबांकडून मागून घेतले, मेन नेटवर्कपासून तोडले, त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे पीसीच्या आत चालणारे नकली पीसी, टाकली. काहीही करायचं झालं तर आधी तिथं, स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यायचा, मोडायचं, परत मागं जायचं. एक सांगून ठेवते, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं. खऱ्या बॅकअपमधून महिन्याला एकदा त्या भंगार पीसीवर रिस्टोर करून बघते. रिस्टोर करून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आणि दुसरी गेम फॅक्टोरिओ. ही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतली आणि अजून खेळते. परक्या ग्रहावर कारखाना उभारायचा, खनिज काढायचं, भट्टीत वितळवायचं, पट्ट्यांवरून पुढं न्यायचं. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग नेतो आणि तो पूर्ण भरायला ४८ दगडी भट्ट्या लागतात, असले हिशोब करत मी रविवार घालवलेत. त्यातून एक सवय लागली. पुढं माल पोचत नसेल तर शेवटच्या मशीनला दोष द्यायचा नाही, पट्ट्यावरून उलटं चालत यायचं आणि बघायचं की माल कुठं तुंबलाय आणि कुठून पुढं पट्टा रिकामा आहे. अडचण त्या दोघांच्या मधे असते. दोन वर्षांपूर्वी डिस्पॅचमध्ये सगळे म्हणायला लागले की सर्व्हर स्लो झालाय, नवीन घ्या, कोटेशन पण आलं होतं. मी म्हटलं दोन दिवस द्या. सर्व्हर बघितला तर निवांत. ऑफिसमधल्या पीसींना काहीच त्रास नाही. मग ऑफिस ते डिस्पॅच जी केबल जाते तिच्या पोर्टचा वेग स्विचमध्ये बघितला तर पोर्ट गिगाबिटऐवजी शंभर एमबीपीएसवर चाललेला. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, म्हणजे एखादी तार तुटली तरी नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप हळू होतं. कनेक्टरजवळ निळी तार तुटली होती. कापून नवीन आरजे-४५ कनेक्टर लावला. त्याची किंमत सांगायला नको. नवीन सर्व्हर रद्द झाला.

वेळ कसा मिळतो हे पण विचारतात. जेवण, भांडी, आईची औषधं झाली की दहा ते साडेअकरा. नाईट शिफ्टचे फोन येतात, त्यामुळं पॉज होणाऱ्याच गेम मी घेते. ऑनलाइन रँकवाल्या नाही, कारण मधेच उठले तर टीममधल्या चार पोरांचं नुकसान. डार्क सोल्स फार आवडली होती, पण ती पॉज होत नाही, एकदा फर्नेसचा फोन चालू असताना मेले आणि मग सोडलीच.

तर छकुले, त्या दिवशी तू हे पण विचारलंस ना, मी कोर्स कुठला करू. कोर्स नंतर बघू. या रविवारी सकाळीच ये, माझ्याकडं घरी एक जुना पीसी आहे आणि एक तुझा लॅपटॉप, क्रिम्पिंग टूल आहे, कनेक्टर पुष्कळ आणून ठेवलेत, वाया गेले तर जाऊदेत. विंडोज सर्व्हर १८० दिवस चाचणीसाठी फुकट मिळतो, तो टाकू. येताना आठ जीबीच्या वरचा पेनड्राइव्ह आण, रिकामा करून आण, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. आणि कनेक्टरमधल्या तारांचा क्रम आत्तापासून पाठ कर: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.