लेकींच्या नावाची सनद

इंग्लंडमधलं डर्बी शहर मागे पडलं आणि थोड्याच वेळात हिरव्या उतारावर केडलस्टन हॉल दिसला. बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचं हे घर. त्यासाठीच मी वाट वाकडी करून आले होते.

कर्झन घराणं इथे सातशेहून अधिक वर्षं नांदतंय. १७६१ साली, म्हणजे आपल्या पानिपताच्या वर्षी, नॅथॅनियल कर्झन 'बॅरन स्कार्सडेल' झाले, म्हणजे त्यांना सरदारकीचा किताब मिळाला. तेव्हा हा वाडा बांधायला काढलेलाच होता. भोवतीची बाग मोकळी दिसावी म्हणून अख्खं गाव उठवून दुसरीकडे वसवलं. जुनं चर्च तेवढं घराला खेटून राहिलं. मार्बल हॉलमधले गुलाबी शिरांचे वीस खांब बघतानाही ते उठवलेलं गाव माझ्या मनातून जाईना.

चर्चमध्ये पाय खिळले. कर्झन आणि त्यांच्या पत्नी मेरी संगमरवरात शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. मेरी १९०६ मध्ये गेल्या. मागे तीन मुली, मुलगा नाही. इंग्रजी किताब पुढे कोणाकडे जायचा, ते मूळ सनदेतच लिहिलेलं असतं, आणि बहुतेक सनदांत वारस म्हणजे औरस पुत्र. दत्तकाला जागा नाही. मी साताऱ्याची. १८४८ साली दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी आमचं राज्य खालसा केलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून कर्झननी काय वाट काढली, ते मला नीट समजून घ्यायचं होतं.

१९११ मध्ये त्यांना एकदम तीन किताब मिळाले. अर्ल हा किताब फक्त मुलग्यांसाठी. व्हायकाउंट स्कार्सडेल हा मुलगा नसल्यास वडिलांच्या वंशातल्या पुरुषांकडे जाणारा. आणि बॅरन रेव्हन्सडेल हा मुलगा नसल्यास लेकींकडे! किताब देतानाच ही सोय सनदेत लिहिलेली. पुढे दुसरं लग्न झालं, १९२१ मध्ये मार्क्वेस हा आणखी मोठा किताब आला, पण मुलगा झाला नाही. १९२५ मध्ये ते वारले, तेव्हा मार्क्वेस आणि अर्ल दोन्ही तिथेच संपले. स्कार्सडेल आणि हे घर पुतण्याकडे गेलं. थोरली लेक आयरीन लेडी रेव्हन्सडेल झाली.

तरी लॉर्ड्सच्या सभागृहाचं, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाचं, दार तिला बंदच. वारशानं किताब मिळालेल्या बायकांना तिथे बसायचा हक्क १९६३ पर्यंत नव्हता. आयरीन १९५८ मध्ये आत गेली, ती तहहयात म्हणून वेगळ्या मिळालेल्या किताबावर. बापानं एवढा विचार करून ठेवलेल्या वारशाच्या जोरावर तिला आत जाता आलं नाही, याची मला फार चुटपुट लागली. १९६६ मध्ये ती गेल्यावर रेव्हन्सडेल हा किताब तिच्या बहिणीच्या, सिंथियाच्या, मुलाकडे आला.

वाड्यातल्या संग्रहालयात मेरीचा मोरपिसांचा पोशाख आहे, १९०३ च्या दिल्ली दरबारातला. जरीच्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा हिरवा पंख जडवलाय. तेव्हा आयरीनला सातवं वर्ष चालू होतं.