वहीच्या समासातली मराठी

फ्रेंच शिकायला घेतलं त्याला सात महिने झाले. सुरुवातीचे चार महिने सगळं इंग्रजीतून चाललं होतं. पुस्तक इंग्रजी, शब्दांचे अर्थ इंग्रजी, माझ्या टिपाही इंग्रजीच. मग भूतकाळाच्या धड्यात गाडी अडली.

'मी पत्र लिहिलं' याला 'झे एक्री युन लेत्र'. इथवर ठीक. पण 'मी लिहिलेलं पत्र' म्हणायचं तर 'ला लेत्र क झे एक्रीत'. तो शेवटचा 'त' कुठून आला? 'लेत्र' स्त्रीलिंगी, आणि कर्म क्रियापदाच्या आधी आलं, म्हणून 'एक्री' हे कृदंत (क्रियापदापासून बनलेलं रूप) त्याच्याशी जुळलं. पुस्तकातला हा नियम मी पाच-सहा वेळा वाचला, तरी मनात उतरेना. शेवटी वैतागून समासात लिहिलं: मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला. आणि बघतच राहिले. लिहिणारी मी एकच, पण क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, ते कर्माकडे बघतं! हे तर आपण बोलायला लागल्यापासून करत आलोय. फ्रेंचमध्ये 'आव्ह्वार' या सहायक क्रियापदाबरोबर कर्म आधी आलं तरच असं होतं, एवढं वेगळं लक्षात ठेवायचं.

त्या दिवसापासून समास मराठीचा. 'व्हू' म्हणजे आपलं 'तुम्ही': अनेकांना आणि एकाला आदरानेही. ऐंशीला 'कात्र व्हँ', म्हणजे शब्दशः चार विसा. 'पाच विसा शंभर' हे जुनं मोजणं ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच पटेल. सत्तर मात्र साठ-दहा आणि नव्वद चार-वीस-दहा. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये त्यांना सरळ 'सेप्तांत', 'नोनांत' म्हणतात.)

लिंगाच्या बाबतीत मराठीवर विसंबू नये. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'ल्युन' स्त्रीलिंगी. आणि आपल्या नपुंसकलिंगी घराला तिकडे जागाच नाही, ते होतं 'ला मेझाँ'. म्हणून मी नुसता शब्द कधीच पाठ करत नाही, पुल्लिंगी असेल तर 'ल', स्त्रीलिंगी असेल तर 'ला' लावूनच करते.

उच्चारात सर्वांत जास्त वेळ गेला तो एका स्वरावर. फ्रेंचमध्येही 'तू'साठी जवळपास तसाच शब्द आहे, पण आपल्यासारखा 'तू' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'सगळं' या अर्थाचा शब्द ऐकू येतो. जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. आरशासमोर उभं राहून 'ई' लांबवत हळूहळू ओठ गोल करत नेले, तेव्हा कुठे तो सापडला. आता रोज सकाळी दहा वेळा म्हणते.

काल पुढचे धडे चाळताना एक वाक्य दिसलं: 'झ व्ह क त्यु व्हिएन'. तो धडा अजून लांब आहे, पण समासात लिहून ठेवलंय: तू यावंस असं मला वाटतं.